पार्श्वभूमी : मांडीवरचे काम आणि ‘दीर्घकाळ’ हा शब्द

बेळगावात, निपाणीत किंवा खानापूरच्या एखाद्या खेड्यात घरून काम करणारी पोरे ‘मान धरली’ म्हणून दवाखान्यात गेली की डॉक्टर आधी विचारतात, लॅपटॉप कुठे ठेवून बसता? उत्तर बहुधा पलंग, चौरंग नाहीतर मांडी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, कोपर काटकोनात, दर वीस मिनिटांनी नजर लांब, हे आता सगळ्यांचे पाठ झाले आहे. त्यात पुन्हा शिरायला नको. हे सगळे इतकी वर्षे माहीत असताना यंत्र असे कसे घडले आणि नियमांनी त्याच्याकडे काणाडोळा कसा केला, ते पाहू.

फार मागचे थोडक्यात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एका इटालियन वैद्याने कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणे लिहून ठेवली होती : सतत बसणे, हाताची एकच एक हालचाल आणि डोक्याला ताण. आपल्याकडचे दिवाणजी गादीवर मांडी घालून बसत, पण पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी असे. वही त्या उतारावर जरा वर राही आणि मान तेवढी कमी वाके. टाइपरायटर आला तो टेबल-खुर्ची घेऊनच. टायपिंगच्या क्लासात मनगट टेकवले की मास्तरांची पट्टी बसायची, हे सांगणारी माणसे बेळगावात अजून भेटतात. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्या हजारो जणांचे हात दुखायला लागले आणि हे दुखणे शरीरातले की मनातले, यावर तिथले डॉक्टरच भांडत बसले. तोवर यंत्र टेबलावरच होते.

1981 मध्ये उचलून नेता येणारा संगणक पहिल्यांदा बाजारात चालला. वजन सुमारे 11 किलो, पडदा 5 इंचांचा. तो मांडीवर घ्यायची कोणाची छाती नव्हती. पण गंमत अशी, की त्याचे झाकण हाच कीबोर्ड होता आणि तो वायरीसकट सुटा निघत असे. 1982 मध्ये पडदा आणि कीबोर्ड बिजागरीने जोडलेले, डब्यासारखे मिटणारे यंत्र आले आणि पुढे तीच घडण रूढ झाली. दुखण्याचे मूळ त्या बिजागरीत आहे. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात उचलून धरावे लागतात. हात खाली सोडावे तर मान पडते. 1991 मध्ये एका कंपनीने कीबोर्ड मागे सरकवून पुढे तळहात टेकायला जागा केली. मनगटे सुटली, मान अडकलेलीच राहिली.

आता मुद्द्याचा निर्णय. 29 मे 1990 रोजी युरोपातल्या तेव्हाच्या बारा देशांच्या समुदायाने पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी किमान नियम ठरवले. जगभरच्या मोठ्या कंपन्यांच्या बैठकव्यवस्थेच्या नियमावल्यांवर त्यांची छाप आहे. त्यांच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे, की कीबोर्ड तिरका करता आला पाहिजे आणि तो पडद्यापासून वेगळा असला पाहिजे. म्हणजे लॅपटॉप त्याच्या घडणीमुळेच या नियमात बसत नाही. तो बसत नाही हे नियम करणाऱ्यांनाही दिसत असावे, कारण पहिल्याच कलमात काही यंत्रे वगळली आहेत : वाहनचालकाच्या केबिनमधली, गल्ल्यावरची, कॅल्क्युलेटर, आणि ‘कामाच्या जागी दीर्घकाळ न वापरली जाणारी’ सुटसुटीत यंत्रे.

सगळा घोळ या ‘दीर्घकाळ’मध्ये आहे. दीर्घकाळ म्हणजे किती? एक तास, अर्धा दिवस, आठवड्याचे तीन दिवस? नियमात व्याख्याच नाही. 1990 मध्ये ही सूट समजण्यासारखी होती. सुटसुटीत यंत्र तेव्हा फिरतीवरच्या विक्रेत्याकडे असायचे, तो हॉटेलात बसून दोन आकडे टाकायचा आणि झाकण लावायचा. वाद सुरू झाला तो पुढे, लॅपटॉप हाच एकमेव संगणक झाल्यावर. कामगारांच्या बाजूचे लोक म्हणाले, आठ तास वापर म्हणजे दीर्घकाळच, तेव्हा सूट संपली. स्टँड, सुटा कीबोर्ड आणि माऊस द्या. मालकांच्या बाजूने उत्तर आले, की माणूस यंत्र घेऊन हवे तिथे बसतो, त्याची जागा आम्ही कशी ठरवणार? दुसरा मुद्दा अगदीच फोल नाही. पण लॅपटॉप द्यायचा, त्याच्यामुळे वाचलेले टेबलाचे भाडे खिशात घालायचे आणि वर ‘जागा तुमची’ म्हणायचे, हा हिशेब एकतर्फीच आहे.

नावाचाही एक गुंता आहे. यंत्राच्या नावातच मांडी (‘लॅप’ म्हणजे मांडी), आणि सोबतच्या पुस्तिकेत ‘मांडीवर ठेवून वापरू नका’. बऱ्याच कंपन्या पुढे ‘नोटबुक’ म्हणू लागल्या, आपल्याकडे मात्र लॅपटॉपच रुळला. पुस्तिकेतल्या त्या सूचनेला कारण आहे. 2002 मध्ये एका नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात पन्नाशीच्या एका शास्त्रज्ञाची हकीकत छापून आली होती. तासभर मांडीवर यंत्र घेऊन लिहीत बसला आणि पँट अंगात असूनही नको त्या जागी फोड आले. 2004 मध्ये 29 पुरुषांवर झालेल्या प्रयोगात तासाभरात वृषणाचे तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलेले आढळले. त्यातला मोठा वाटा नुसते मांड्या जुळवून बसण्याचा होता, हे बातम्यांमध्ये सहसा गळते. चटका बसण्याइतकी नसलेली उष्णता रोज लागत राहिली की मांडीवर जाळीसारखी तांबूस-तपकिरी नक्षी उमटते. शेगडीशी बसणाऱ्यांना आणि काश्मिरात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे मडके, पोटाशी धरणाऱ्यांना ती लॅपटॉपच्या कितीतरी आधीपासून उमटत आली आहे.

मानेबाबत व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा म्हणजे 60 अंश वाकलेल्या मानेवर 27 किलो भार. तो 2014 चा आहे आणि गणिती प्रतिमानातून काढलेला आहे. कोणाच्या मानेवर काटा लावून मोजलेला नाही. डोके साधारण पाच किलोचे असते आणि ते पुढे गेले की मागचे स्नायू ओढून धरतात, एवढे समजायला तो आकडा लागत नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दोन्ही टोकांची पोरे लॅपटॉप घेऊन मधल्या गावांत परतली. खुर्च्या मागे ऑफिसात राहिल्या. खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात लाईट जाते, म्हणून चार्जिंग संपायच्या आत काम उरकायची घाई असते, आणि घाईत कोण पाठ सरळ ठेवतो? निपाणीत आमच्या नात्यातली एक मुलगी सतरंजीवर बसून एका परदेशी गिऱ्हाईकाचे काम करायची. कंपनीने तिला ऑनलाइन अर्ज पाठवला : खुर्चीची उंची बदलता येते का, कीबोर्ड पडद्यापासून वेगळा आहे का. 1990 च्या परिशिष्टातले ते वाक्य तीस वर्षांनी असे निपाणीच्या माजघरात येऊन पडले. तिने सगळीकडे ‘होय’ वर टिचकी मारली. नाही म्हटले तर फोन येतात, म्हणाली.

त्याच सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला तिची आज्जी विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कात्रीने कापलेली पाने, मान खाली. “मान वर कर गं अधनंमधनं, माझी बघ कशी झालीया,” एवढेच ती म्हणाली. विडी कामगारांचा कायदा तेव्हा 1966 चा होता (2025 मध्ये तो रद्द झाला). त्यात कारखान्यातली हवा, स्वच्छता, गर्दी यांवर कलमे होती. माजघरात सूप किती उंचीवर असावे यावर नव्हती. 2025 मध्येच रद्द झालेल्या 1948 च्या कारखाना कायद्यात बसायची सोय करा असे म्हटले होते, पण ती उभ्याने काम करणाऱ्यांसाठी. पडद्यासमोरच्या कामाचा युरोपासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे झालेला नाही. मांडीवरचे काम या भागात जुने आहे आणि ते दर वेळी कलमाबाहेर पडत आले आहे.

हाताचा एक त्रास खास इकडचा आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड मांडणीत ‘क’ मराठीत आणि कन्नडमध्ये एकाच कळेवर येतो, आणि ख, घ अशा महाप्राण अक्षरासाठी करंगळी शिफ्टवर जाते. पण कर्नाटकात सरकारी कामाला चालणारी कन्नड मांडणी वेगळी आहे. त्यामुळे सकाळी मराठी पत्रिका आणि दुपारी कन्नड अर्ज करून देणाऱ्या डीटीपीवाल्याच्या बोटांना दिवसातून दोनदा वळण बदलावे लागते. लॅपटॉपच्या कळांवर दोन्ही लिप्या नसतात, म्हणून पडदा आणि कळा यांत नजर खालीवर होते ती वेगळीच.

निपाणीच्या त्या मुलीने शेवटी पदरच्या पैशाने सुटा कीबोर्ड घेतला आणि लॅपटॉप बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांवर चढवला. मान महिनाभरात बरीच सुटली. गेल्या वर्षी ऑफिसने परत बोलावल्यावर कीबोर्ड ती बेंगळुरूला घेऊन गेली. डब्यांत आज्जीने पुन्हा शेंगदाणे भरले.