वाय-फाय डायरेक्ट

राउटर, सिमचा डेटा किंवा इंटरनेट यांपैकी काहीही मध्ये न घेता जवळपासच्या उपकरणांना वाय-फायच्या लहरींवर थेट जोडणारी पद्धत. फोनवरून फोनवर फाइल पाठवणे, फोनचा किंवा लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर दाखवणे आणि प्रिंटरकडून कागद छापून घेणे ही तिची रोजची कामे. सोसायटीतल्या घरात बसून मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली, की शेजाऱ्यांच्या राउटरांमध्ये ‘डायरेक्ट’ने सुरू होणारे एखादे नाव हमखास दिसते. पुढे दोन अगम्य अक्षरे आणि बहुधा एखाद्या प्रिंटरचे किंवा टीव्हीचे मॉडेल. ते नाव कुठल्याही राउटरचे नसते. कोणाच्या तरी घरातले ते यंत्र स्वतःच एक छोटे जाळे उभारून बसलेले असते. सुरुवातीचा शब्द मानकानेच ठरवून दिलेला आहे आणि त्यापुढची दोन अक्षरे यदृच्छेने निवडलेली असतात.

पूर्वपीठिका : राउटरशिवाय दोन यंत्रे जोडण्याची सोय वाय-फायच्या मूळ मानकात, म्हणजे १९९७ च्या ८०२.११ मध्येच होती. तिला ‘ॲड-हॉक’ म्हणत. पण दोन्हीकडे जाळ्याचे नाव, पासवर्ड आणि बऱ्याचदा यंत्राचा जाळ्यातला आकडी पत्ता (आयपी पत्ता) सुद्धा हाताने भरावा लागे. सुरक्षा बहुतेक वेळा ‘वेप’ या जुनाट कूटलेखनाची, आणि बॅटरी वाचवण्याची तजवीज तोकडी. संगणकाच्या जाणकारांपलीकडे ती फारशी गेली नाही. वाय-फाय अलायन्स या उद्योगसंघटनेने ऑक्टोबर २००९ मध्ये नव्या पद्धतीची घोषणा केली आणि ऑक्टोबर २०१० पासून उपकरणांना प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये ती थेट प्रणालीतच आली आणि मग ती कोट्यवधी खिशांत पोहोचली.

जोडणी कशी होते : पहिला प्रश्न एकमेकांना शोधण्याचा. जत्रेत चुकलेले दोघे एकाच वेळी हाका मारत राहिले, तर कोणालाच काही ऐकू येत नाही. दोघेही गप्प राहून कान देत बसले, तरी भेट होत नाही. फोनांचेही तसेच. म्हणून प्रत्येक उपकरण आळीपाळीने थोडा वेळ हाक मारते आणि थोडा वेळ ऐकते. ऐकण्याचा काळ दर वेळी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, नाहीतर दोन्ही यंत्रांची लय जुळून भेट कायमची हुकेल. ही शोधाशोध २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्यांवर चालते. सगळा पट्टा धुंडाळण्यापेक्षा ठरलेल्या तीन नाक्यांवर उभे राहणे सोपे. यादीत समोरच्याचे नाव यायला कधी क्षणभर, तर कधी कंटाळा येईपर्यंत वेळ लागतो, त्याचे एक कारण हेच.

ओळख पटल्यावर गटप्रमुख कोणी व्हायचे हे ठरते. या पद्धतीचे सगळे मर्म इथे आहे. राउटर लागत नाही असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात राउटरचे काम जोडीतले एक यंत्र स्वतःकडे घेते. प्रत्येक उपकरण आपली तयारी ० ते १५ या आकड्याने सांगते आणि ज्याचा आकडा मोठा ते गटप्रमुख होते. आकडे सारखे आले, तर बरोबरी फोडणारा एक बिट, म्हणजे ० किंवा १ हा आकडा, कौल देतो. १५ याचा अर्थ ‘मी गटप्रमुखच होणार’ असा असतो. दोघांनीही तोच आग्रह धरला, तर बोलणी फिसकटतात आणि जोडणी होत नाही. प्रिंटरसारखी विजेवर चालणारी यंत्रे मात्र अनेकदा कोणाशी बोलणी न करता आधीच गटप्रमुख होऊन बसतात. शेजाऱ्याच्या यादीत त्यांचे नाव दिसते ते त्यामुळेच.

त्यानंतर बटण दाबून किंवा पिन टाकून दोघांत गुप्त किल्ली ठरते, डब्ल्यूपीए-२ प्रकारचे कूटलेखन लागू होते आणि गटप्रमुख सदस्यांना आयपी पत्ते वाटतो. अँड्रॉइडमध्ये गटप्रमुखाचा स्वतःचा पत्ता सहसा १९२.१६८.४९.१ असतो. इथून पुढे हे नेहमीचेच वाय-फाय. त्यामुळे ही पद्धत मुळीच न कळणारा जुना लॅपटॉपही पासवर्ड टाकून अशा गटात शिरू शकतो; दोनपैकी एकाच बाजूला तिची माहिती असली तरी भागते. सदस्यांचे आपापसातले बोलणे मात्र गटप्रमुखामार्फतच होते. त्याची बॅटरी संपली किंवा तो उठून गेला, तर गट मोडतो. पद दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय नाही, सगळे पहिल्यापासून मांडावे लागते.

वेग आणि अंतर : ब्लूटूथशी तुलना केल्याशिवाय हा फरक जाणवत नाही. जुन्या फोनांतल्या ब्लूटूथवर सेकंदाला साधारण २ मेगाबिट जात. ७०० मेगाबाइटचा चित्रपट त्या गतीने पाठवायला पाऊण तासाहून अधिक वेळ हवा. वाय-फायवर सेकंदाला ५० मेगाबिटचा साधा वेग धरला, तरी तोच चित्रपट दोन मिनिटांच्या आत जातो. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा वेग कितीतरी वाढतो. अंतर २०० मीटरपर्यंत चालते असे अलायन्स सांगते. ते मोकळ्या मैदानातले समजावे. घरात दोन भिंती आल्या की गणित बदलते. फोन घरच्या राउटरशी जोडलेला असतानाच थेट जोडणीही चालू ठेवता येते. पण दोन्ही वेगवेगळ्या वाहिन्यांवर असतील, तर एकाच रेडिओला दोन्हीकडे आळीपाळीने वेळ द्यावा लागतो आणि वेग पडतो. फाइल रखडत असेल, तर घरच्या वाय-फायपासून फोन थोडा वेळ तोडून पाहावा.

फाइलींची देवाणघेवाण : सॅमसंगने २०१२ च्या गॅलक्सी एस-३ मध्ये ‘एस बीम’ आणले. फोनला फोन टेकवला की एनएफसी या अगदी जवळून चालणाऱ्या लहरींनी ओळख पटायची आणि फाइल मात्र वाय-फाय डायरेक्टने जायची. ओळखीसाठी एक लहर आणि वाहतुकीसाठी दुसरी, ही विभागणी पुढे टिकली.

भारतात या सगळ्याचा खरा प्रसार फाइल पाठवणाऱ्या ॲप्समुळे झाला. महाराष्ट्रात गावोगावी मोबाइलच्या दुकानात पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी आणि चित्रपट भरून घेण्याची रीत होती. नेटपॅक महाग, नेटवर्क एका रेघेचे. शेअरइट आणि झेंडर ही ॲप्स आली आणि कॉलेजच्या कट्ट्यावर, एसटीत, लोकलमध्ये एकाच्या फोनमधला चित्रपट दहाजणांकडे जाऊ लागला. ‘झेंडर चालू कर’ किंवा ‘शेअरइटने टाक’ एवढे म्हटले की समोरच्याला कळायचे. अशी ॲप्स एका फोनचा हॉटस्पॉट उघडून किंवा वाय-फाय डायरेक्ट वापरून काम करतात. वापरणाऱ्याला दोन्हींत फरक दिसत नाही आणि तत्त्वही एकच आहे: एक फोन राउटर होतो. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने ‘फाइल्स गो’ आणले, त्यातही नेटशिवाय फाइल पाठवण्याची सोय होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्या यादीत शेअरइट आणि झेंडर दोन्ही होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलचे ‘निअरबाय शेअर’ आले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते सॅमसंगच्या ‘क्विक शेअर’शी एकत्र करून तेच नाव देण्यात आले. त्यात ओळख ब्लूटूथने पटते आणि मोठी फाइल जाते ती वाय-फाय डायरेक्टसारख्या थेट मार्गाने.

आज डेटा स्वस्त आहे, तरी ही पद्धत विसरू नये असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते. लग्नातले फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवले की ते दाबून लहान केले जातात आणि छापायला काढले की फिके, धूसर येतात. थेट जोडणीने मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एकाच बाकावर बसलेल्या दोघांचा व्हिडिओ दूरच्या सर्व्हरला वळसा घालून यावा याला काही अर्थही नाही.

पडदा दाखवणे : सप्टेंबर २०१२ मध्ये अलायन्सने ‘मिराकास्ट’ची प्रमाणपत्रे द्यायला सुरुवात केली. वाय-फाय डायरेक्टवर उभारलेली ही पडदा दाखवण्याची पद्धत. फोन आपल्या पडद्यावर दिसेल ते सतत एच.२६४ प्रकारच्या व्हिडिओत बदलत जातो आणि टीव्हीकडे पाठवतो. टीव्ही तो उलगडून दाखवतो. हे काम अखंड चालत असल्याने फोन तापतो आणि बॅटरी उतरते. बोट फिरवल्यावर टीव्हीवरचे चित्र किंचित मागून हलते. व्याख्यानाला त्याने बिघडत नाही, वेगाचे खेळ खेळताना मात्र ते बोचते. काही ॲप्समधला चित्रपट टीव्हीवर काळा दिसतो, तो बिघाड नव्हे. नक्कल रोखणारे एचडीसीपी नावाचे संरक्षण किंवा ॲपने स्वतः घातलेली बंदी त्यामागे असते.

लोक याला सरसकट ‘कास्ट करणे’ म्हणतात आणि तिथे घोटाळा होतो. टीव्हीला जोडायच्या गूगलच्या क्रोमकास्ट या उपकरणाच्या नेहमीच्या वापरात फोन टीव्हीला फक्त व्हिडिओचा पत्ता देतो, व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो. तिथे नेट हवेच. मिराकास्टमध्ये सगळे फोनकडूनच येते, नेट लागत नाही. ज्या शाळेत टीव्ही आहे पण नेट नाही, तिथल्या शिक्षकाला हा फरक माहीत असणे फार उपयोगाचे: घरून उतरवून आणलेला धडा वर्गात दाखवता येतो. विंडोज ८.१ पासून संगणकातही ही सोय आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोजची कळ आणि ‘के’ एकत्र दाबली की जवळचे टीव्ही दिसतात. फोनवर किंवा टीव्हीवर मात्र ‘मिराकास्ट’ हा शब्द शोधून सापडेलच असे नाही. सॅमसंग ‘स्मार्ट व्ह्यू’ म्हणते, एलजी ‘स्क्रीन शेअर’, सोनी ‘स्क्रीन मिररिंग’.

सुरक्षा : जवळची उपकरणे शोधताना ॲप लोकेशनची परवानगी का मागते, असा प्रश्न अनेकांना पडतो आणि तो रास्त आहे. आसपासच्या वाय-फायच्या नावांवरून माणूस कुठे आहे हे ताडता येते, म्हणून अँड्रॉइडने ही परवानगी सक्तीची केली होती. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये त्यासाठी ‘जवळची उपकरणे’ अशी वेगळी परवानगी आली. पिनने जोडण्याच्या डब्ल्यूपीएस पद्धतीतला दोष २०११ मध्ये उघड झाला. आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. २०१५ मध्ये अँड्रॉइड वापरते त्या वाय-फाय प्रणालीतही वाय-फाय डायरेक्टशी निगडित गंभीर दोष सापडला आणि दुरुस्त झाला. घरात मात्र सर्वांत दुर्लक्षित दार प्रिंटरचे असते. काही प्रिंटरांत थेट जोडणीचा मूळ पासवर्ड एक ते आठ असे ओळीने आकडे एवढाच असतो. तो बदलावा, नाहीतर ती सोयच बंद ठेवावी. फोनवर बोलता बोलता ‘स्क्रीन शेअर करा’ सांगून बँक खाते रिकामे करणाऱ्या फसवणुकीचा मात्र या पद्धतीशी संबंध नाही. ती ॲप्स इंटरनेटवरून चालतात. इथे समोरचा तुमच्या हाकेच्या अंतरावरच असावा लागतो.

ॲपलचा वेगळा मार्ग : ॲपलने वाय-फाय डायरेक्ट स्वीकारले नाही. स्वतःची एडब्ल्यूडीएल ही पद्धत घडवून तिच्यावर ‘एअरड्रॉप’ उभारले. ते मॅकवर २०११ मध्ये आणि आयफोनवर २०१३ मध्ये आले. एका घरात आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही असले की शेवटी फोटो ईमेलने पाठवावे लागत, त्याचे मूळ या फाटाफुटीत आहे. दरम्यान २०१५ मध्ये अलायन्सने ‘वाय-फाय अवेअर’ हे नवे मानक आणले. त्यात गटप्रमुख नसतो; आसपासची उपकरणे घड्याळे जुळवून ठरल्या क्षणी एकदम जागी होतात, एकमेकांना हेरतात आणि पुन्हा झोपतात, त्यामुळे शोधाशोधीत बॅटरी कमी खर्च होते. २०२५ मध्ये आयओएस २६ बरोबर ॲपलने याच मानकाचे दार ॲप बनवणाऱ्यांसाठी उघडले.