मोजक्या पैशांत भरवशाचे पिस्तूल: खरेदीआधी वाचायचे माहितीपत्रक

हे पत्रक पहिल्यांदाच पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घेणाऱ्या परवानाधारक ग्राहकांसाठी आहे. परवाना पाहिल्याशिवाय आम्ही काउंटरवर शस्त्र ठेवत नाही. आपल्या परवान्यावर कोणते बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) लिहिले आहे, किती काडतुसे बाळगता येतात, याचे नियम जागोजागी वेगळे असतात. म्हणून दुकानात येण्याआधी तो कागद एकदा नीट वाचा. मनासारखे शस्त्र ठरवून झाल्यावर "हे बोअर तुमच्या परवान्यात बसत नाही" असे सांगायची वेळ आली की आम्हालाही वाईट वाटते.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. खिशाला मर्यादा असेल तर दिसायला साधे, जुन्या बनावटीचे, हजारो लोकांच्या हातात असलेले शस्त्र घ्या. नवेकोरे पण अनोळखी शस्त्र घेऊ नका. अशा सल्ल्याने आमचा नफा वाढत नाही, पण दुरुस्तीचे टेबल मात्र रिकामे राहते.

पैसे नेमके कशाला लागतात

बरेच जण हाती असलेली सगळी रक्कम शस्त्रावर घालतात आणि काडतुसांची एक पेटी घेऊन घरी जातात. ती पेटी वर्षभर तशीच कपाटात पडून राहते. असे शस्त्र भरवशाचे आहे की नाही, हे त्या मालकाला कधीच कळत नाही. एकूण रकमेचा निदान तिसरा हिस्सा बाजूला ठेवा. त्यातून दोन जादा मॅगझिन (काडतुसे भरायची, पिस्तुलात बसणारी डबी), सरावाची काडतुसे, कानांचे आणि डोळ्यांचे संरक्षण, ट्रिगर पूर्ण झाकणारे होल्स्टर (शस्त्र ठेवायचे म्यान) आणि कुलूपबंद पेटी घ्यायची आहे. घरात मुले असोत वा नसोत, पेटी लागतेच.

कानांच्या संरक्षणावर काटकसर करू नका. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि अशा एकाच धमाक्याने कानाला कायमची इजा होऊ शकते. गेलेले ऐकू येणे परत येत नाही.

गर्दीतले मॉडेल

ज्या शस्त्राचे सुटे भाग सहज मिळतात, ज्याचे मॅगझिन कुठल्याही दुकानात असते आणि जे खोलून बसवता येणारा कारागीर जवळपास सापडतो, तेच शेवटी स्वस्त पडते. स्मिथ अँड वेसनचे १८९९ साली आलेले .३८ बोअरचे सहा फैरींचे रिव्हॉल्व्हर घ्या. पुढे त्याला 'मॉडेल १०' हे नाव मिळाले. पोलिसांच्या कमरेला ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले, म्हणून वापरलेले नग आजही हाती लागतात. चेक बनावटीचे सीझेड ७५ वजनाला सुमारे एक किलो भरते. खिशात वागवायला ते जड आहे, पण त्याच वजनामुळे झटका कमी बसतो आणि नवशिक्याचा नेम लवकर सुधारतो. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये निवडलेले ग्लॉक १७ पॉलिमरच्या (मजबूत प्लास्टिकच्या) चौकटीमुळे रिकामे असताना सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास आहे. त्याला बाहेरून लावायचा सेफ्टी खटका नाही, म्हणून बोट ट्रिगरवर न ठेवण्याची सवय अंगी मुरलेली नसेल तर आधी ती लावा. सोव्हिएत लष्कराने १९५१ मध्ये स्वीकारलेले मकारोव्ह ओबडधोबड आहे, पण मजबूत आहे. मात्र त्याची काडतुसे आपल्या भागात सहज मिळतात का, हे आधी विचारा.

याउलट जुन्या टोकारेव्हचा मोह जरा आवरा. मूळ बनावटीत त्याला हाताने लावायची सेफ्टीच नव्हती, फक्त हॅमरला (मागच्या घोड्याला) अर्ध्यावर अडवणारी एक खाच होती. संग्रहासाठी जरूर घ्या. रोजच्या वापरासाठी आम्ही ते सुचवत नाही.

अगदी स्वस्त पिस्तुलांत स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) किंवा चौकट जस्ताच्या मिश्रधातूची असते. हा धातू साच्यात ओतायला सोपा, म्हणून किंमत कमी. पण पोलादाच्या तुलनेत तो वारंवारच्या दणक्याने लवकर थकतो. अशी सगळीच पिस्तुले टाकाऊ आहेत असे नाही. जाड स्लाइडची काही दिसायला कुरूप असली तरी व्यवस्थित चालतात. लहान बोअरच्या नाजूक पिस्तुलांच्या बाबतीत मात्र स्लाइडला, विशेषतः पुंगळी (काडतुसाचे रिकामे कवच) बाहेर पडायच्या झरोक्याच्या कोपऱ्यांत, केसाएवढी चीर दिसली तरी ते खाली ठेवा.

'९ मिमी' म्हणजे नेमके कोणते?

हा गोंधळ आमच्या काउंटरवर नेहमीचा आहे. ९ × १७, ९ × १८ आणि ९ × १९ ही तीन वेगळी काडतुसे आहेत. दुसरा आकडा पुंगळीच्या लांबीचा. मकारोव्हचे काडतूस ९ × १८, आणि त्याची गोळी इतर दोघांपेक्षा किंचित जाड असते. १९०२ पासून चालत आलेले ९ × १९, म्हणजे पॅराबेलम, आज जगात सर्वांत जास्त खपणाऱ्या पिस्तूल काडतुसांपैकी एक आहे. म्हणूनच सरावाला तुलनेने स्वस्त पडते. नळीवर किंवा स्लाइडवर कोरलेले बोअर आणि पेटीवर छापलेले बोअर अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. "बसतंय ना आत, मग चालेल" हा हिशेब इथे चालत नाही.

.२२ बोअरची काडतुसे सर्वांत स्वस्त असतात आणि हात बसवायला उत्तम. त्यांत प्रायमरचे (ठिणगी पाडून दारू पेटवणारे) रसायन पुंगळीच्या तळाच्या कडेत भरलेले असते आणि ते कडेभर सारखे पसरले नाही तर काडतूस फुसके निघते. म्हणून सरावाला घ्या, जीव ज्यावर अवलंबून आहे अशा कामाला नको.

वापरलेले शस्त्र कसे पारखावे

कमी पैशांत उत्तम माल मिळायची खरी जागा हीच, आणि फसायचीही हीच.

हातात घेताच मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, नळीच्या मागच्या टोकाशी असलेले काडतुसाचे घर डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही चाचपा. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर (काडतुसांची घरे असलेला फिरता भाग) बाहेर काढून सगळी घरे बघा. आम्ही तपासून दिले असले तरी आपण पुन्हा तपासा. त्याने आमचा अपमान होत नाही.

बाहेरच्या ओरखड्यांना भिऊ नका. पोलिसांकडून किंवा सुरक्षारक्षकांकडून आलेल्या शस्त्रांची स्लाइड होल्स्टरमध्ये घासून पांढरी पडलेली असते. पण ती वर्षाकाठी मोजक्याच फैरी झाडतात, त्यामुळे आतला भाग बऱ्याचदा जवळपास नवा निघतो. संशय घ्यायचा तो फार चकचकीत दिसणाऱ्यावर. कोरलेली अक्षरे पुसट झाली असतील, कडा गोल झाल्या असतील, तर कोणीतरी गंज घासून वर नवा काळा मुलामा चढवला आहे असे समजा.

आता नळी. मागून उजेड येऊ द्या आणि समोरून आत बघा. आटे (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) धारदार आणि अखंड दिसले पाहिजेत. बारीक खड्डे जुन्या काडतुसांमुळे पडतात. त्यांच्या प्रायमरमधून फैर झाल्यावर पोटॅशियमचा क्षार मागे राहतो, तो हवेतली ओल ओढून घेतो आणि पोलाद खातो. नुसत्या तेलाने तो क्षार निघत नाही, पाण्याने धुवावा लागतो. जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसे वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. थोडे खड्डे असले तरी शस्त्र चालते. नळीत एका जागी काळसर कडे दिसले, अंगठीसारखे, तर मात्र घेऊ नका. कधीतरी एखादे काडतूस अर्धवट पेटून गोळी नळीतच अडकली आणि मागून दुसरी फैर झाडली गेली, त्याची ती खूण. बाहेरून बोट फिरवले तर फुगवटाही हाताला लागतो.

पिस्तुलात मग बघा: रिकामे मॅगझिन लावून स्लाइड पूर्ण मागे ओढली की ती तिथे अडकून थांबली पाहिजे. मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेले किंवा चिरलेले नसावेत. "पिस्तूल अडकते" म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांत पिस्तुलाचा दोष कमी वेळा असतो. बहुतेकदा मॅगझिनचा असतो. सेफ्टी लावून ट्रिगर दाबा, काही व्हायला नको. मग ट्रिगर सोडा आणि सेफ्टी काढा, तेव्हाही हॅमर आपोआप पडायला नको.

रिव्हॉल्व्हरची परीक्षा जरा निराळी. हॅमर अंगठ्याने अगदी सावकाश मागे न्या. हॅमर पूर्ण मागे अडकण्याआधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर 'टक्' करून जागेवर बसला पाहिजे. सहाही घरांना हे करून बघा, कारण बिघाड एखाद्याच घरात असू शकतो. घर नळीच्या रेषेत आले नाही तर गोळी कडेला घासून शिसे बाजूला उडते. असे शस्त्र शेजाऱ्यालाही धोक्याचे. नंतर चढवलेल्या हॅमरला मागून अंगठ्याने हलकेच पुढे रेटा. तो पडला तर आतली खाच झिजली आहे. शेवटी सिलिंडर बंद करून पुढेमागे हलवून बघा. थोडी हालचाल चालेल, खडखड नको.

एवढे सगळे ठीक असेल तर उरतो तो स्प्रिंगांचा प्रश्न, आणि तो पैशांच्या दृष्टीने सर्वांत हलका. बऱ्याच सर्व्हिस पिस्तुलांत स्लाइडची मुख्य स्प्रिंग तीन ते पाच हजार फैरींनंतर बदलतात. आधीच्या मालकाने किती झाडल्या हे कोणालाच माहीत नसते, म्हणून वापरलेले पिस्तूल घेतल्यावर ही स्प्रिंग आणि मॅगझिनच्या स्प्रिंगा सरळ नव्या घालून घ्या. आमचा कारागीर हे काम आपल्यासमोर करतो.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

वर्षातून दोनदाच हातात घेणार असाल तर रिव्हॉल्व्हर. काडतूस फुसके निघाले तरी पुन्हा ट्रिगर ओढला की पुढचे समोर येते. नियमित सराव करणार असाल तर पिस्तूल.

फार लहान नको

"लपवायला सोपे" म्हणून अनेकांचे मन इवल्याशा पिस्तुलावर जाते. लहान नळी, हलकी स्लाइड आणि कडक स्प्रिंग यांचे गणित फार काटेकोर असते. काडतूस जरा कमजोर निघाले किंवा मनगट सैल पडले तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी झरोक्यातच चिमटली जाते. स्प्रिंगही लवकर थकते. शिवाय पकडायला जागा नसल्याने करंगळी हवेत राहते आणि दहाव्या-बाराव्या फैरीनंतर हात दुखू लागतो. दुखणारा हात सराव टाळतो. मधल्या आकाराचे पिस्तूल घ्या. घेण्याआधी दोन्ही हातांनी धरून ट्रिगरपर्यंत बोटाचे पेर सहज पोहोचते का ते बघा. ट्रिगर ओढताना नळी हलत असेल तर तुमच्या हातासाठी ते मोठे आहे, किंमत कितीही चांगली असो.

पहिल्या दोनशे फैरी

मान्यताप्राप्त रेंजवर जाऊन दोनशे फैरी झाडल्याशिवाय कोणत्याही शस्त्रावर भरवसा टाकू नका. मॅगझिनच्या तळाशी रंगाने १, २, ३ असे आकडे घाला. कुठे अडकले तर आकडा लिहून ठेवा. एकाच मॅगझिनवर अडकत असेल तर ते बदलून प्रश्न मिटतो. सगळ्यांवर अडकत असेल तर काडतुसाची कंपनी बदलून बघा. तरीही तेच झाले तर शस्त्र आमच्याकडे आणा.

ट्रिगर ओढल्यावर काहीच झाले नाही तर नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान तीस सेकंद थांबा. काडतूस कधीकधी उशिरा पेटते. नेहमीच्या धमाक्याऐवजी 'फुस्स' असा दबका आवाज आला तर लगेच थांबा, शस्त्र रिकामे करा आणि नळीत गोळी अडकली नाही ना ते पाहिल्याशिवाय पुढची फैर झाडू नका. वर सांगितलेले काळे कडे नेमके इथेच तयार होते. घरी आल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवा, कारण बोटांवर शिशाचा अंश राहतो.

काडतुसाच्या तळाच्या मधोमध प्रायमर असणाऱ्या बहुतेक आधुनिक पिस्तुलांत घरी रिकाम्या शस्त्राने ट्रिगरचा सराव चालतो, पण डमी काडतूस घालून केला तर बरे. .२२ मध्ये डमीशिवाय करू नका, फायरिंग पिन घराच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात. सरावाच्या वेळी खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात.

आमच्याकडे येताना

मूळ परवाना आणि ओळखपत्र सोबत आणा. दुरुस्तीला किंवा बदलीसाठी जुने शस्त्र आणणार असाल तर ते रिकामे करून, मॅगझिन काढून, बंद पेटीत आणा. काडतुसे वेगळी ठेवा. दारात पेटी उघडू नका, काउंटरवर आल्यावर आमचा माणूस स्वतः उघडेल. घ्यायचे नसेल आणि नुसते दोन-तीन मॉडेल हातात धरून बघायचे असतील तरी या, फक्त गर्दीची संध्याकाळ टाळून सकाळी आलात तर निवांत दाखवता येते.