एसएसबीवरचा बदकासारखा आवाज म्हणजे बिघाड नव्हे

“एसएसबीवर बदकासारखा आवाज येतोय, म्हणजे सेट गेला.” कोल्हापुरात २७ मेगाहर्ट्झचा सीबी रेडिओ (सर्वसामान्यांना आपसात बोलण्यासाठीचा वायरलेस सेट) हाताळणाऱ्यांकडून हे मी कितीतरी वर्षं ऐकतोय. एसएसबी म्हणजे सिंगल साइडबँड, रेडिओवरून आवाज पाठवण्याची एक पद्धत. एवढ्यासाठी चांगला सेट कृपया उघडू नका.

एएम या दुसऱ्या पद्धतीत वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंचे, बोलणं वाहून नेणारे पट्टे, सगळंच हवेत जातं. पूर्ण मॉड्युलेशनलाही (म्हणजे लहरीवर आवाज पुरेपूर चढवला तरी) दोन तृतीयांश शक्ती ती लहरच खाते, आणि तिच्यात बोलण्याचं एक अक्षरही नसतं. एसएसबीत ही लहर गाळून एकच पट्टा जातो. गाळलेली लहर आपल्या सेटला स्वतः तयार करून मिसळावी लागते. ती १०० हर्ट्झनं चुकली, की आवाजातला प्रत्येक सूर १०० हर्ट्झनं सरकतो. बदक येतं ते इथून.

उपाय क्लॅरिफायरच्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी बारीक सरकवणाऱ्या नॉबमध्ये आहे. (तो खरखर कमी करतो, हाही गैरसमजच.) आधी यूएसबी (वरचा पट्टा) की एलएसबी (खालचा पट्टा) ते जुळवा, बाजू चुकली तर कितीही फिरवा, शब्द लागत नाही. मग केसभर, केसभर फिरवा. परवा पन्हाळ्यावर यूएसबीला नुसता चिरका कलकलाट होता. फ्रिक्वेन्सी जराशी वर नेली आणि लख्ख ऐकू आलं, “काय भावा, येतोय का आवाज?”