मत्स्यपेटीचे उन्हाळी शीतन (नाशिक)

मत्स्यपेटीचे उन्हाळी शीतन : उष्ण कटिबंधातील गोड्या पाण्याचे शोभेचे मासे ठेवलेल्या काचेच्या पेटीतील (बोलीत टँक) पाणी उन्हाळ्यात २४ ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्याची पद्धत. गप्पी, मॉली, एंजल, टेट्रा, गुरामी, बार्ब हे मासे उष्ण प्रदेशांतले असले, तरी त्यांचे मूळ पाणी बहुधा सावलीतले असते. स्लॅबच्या घरातली शंभर लिटरची बंद पेटी ही त्यांच्यासाठी वेगळीच जागा असते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान ३८ ते ४० अंशांच्या घरात जाते, काही दिवस त्याहून वर. हवा मात्र कोरडी असते आणि रात्री पारा बराच खाली येतो. येथील शीतनाची सगळी रीत या दोन गोष्टींवर उभी आहे. मुंबई किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत निम्माच उपयोग होणारा साधा पंखा नाशिकच्या मे महिन्यात महागड्या यंत्राच्या तोडीचे काम करतो. जून अर्ध्यावर येऊन हवा ओली झाली की पंख्याचा जोर ओसरतो, पण तोवर उन्हाचा जोरही ओसरलेला असतो.

प्राणवायू आणि अमोनिया

उन्हाळ्यात मासे मरतात ते बहुधा निव्वळ उष्णतेने नव्हे, तर श्वास कोंडून. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. नाशिकच्या उंचीवर पूर्ण संपृक्त पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ७.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७ आणि ३४ अंशांना ६.६. घट लहान दिसते, पण त्याच वेळी माशाची चयापचयक्रिया वेगवान होऊन त्याची गरज वाढलेली असते आणि फिल्टरमधले जीवाणू व तळाचा कुजणारा गाळही तोच प्राणवायू खात असतात. भरगच्च पेटीत प्रत्यक्ष पातळी संपृक्ततेच्या खूप खाली असते. वनस्पती असलेल्या पेटीत ती सर्वांत खाली जाते पहाटे, कारण रात्रभर वनस्पतीही प्राणवायू घेतात. त्यामुळे दुपारी धडधाकट दिसलेले मासे सकाळी मेलेले आढळतात आणि दोष चुकून आदल्या दिवशीच्या खाद्याला दिला जातो.

दुसरा धोका अमोनियाचा. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी अंश सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी हे सांगणारा pH) आणि तापमान या दोहोंबरोबर वाढतो. सामू ८ असताना तो २५ अंशांना सुमारे ५.४ टक्के, तर ३० अंशांना ७.५ टक्के असतो. सामू ७ असेल तर तोच एक टक्क्याच्याही खाली राहतो. बोअरचे जड, अल्कधर्मी पाणी वापरणाऱ्यांनी उन्हाळ्यात जास्त जपायला हवे, ते यासाठी.

मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करणे, कल्ले भराभर हलणे, फिल्टरच्या धारेपाशी घोळका होणे, रंग फिके पडणे ही लक्षणे. फायटर आणि गुरामी एरवीही वर येऊन हवेचा घोट घेतात, तेव्हा त्यांच्यावरून अंदाज बांधू नये. टेट्रा, बार्ब आणि तळाचे कॉरिडोरास काय करतात, ते पाहावे.

कोणाला किती सोसते

डिस्कसला २८ ते ३० अंश लागतातच. रॅमही त्याच जातकुळीतला. एंजल, फायटर आणि गुरामी ३० अंशांपर्यंत सुखाने राहतात. गप्पी २८ पर्यंत उत्तम, पुढे काही दिवस निभावतात. निऑन टेट्रा २६ च्या वर कुरकुरतो. त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल टेट्रा जास्त सोसतो, म्हणून नाशिकच्या वरच्या मजल्यावरच्या घरात निऑनऐवजी कार्डिनल घेणे शहाणपणाचे. पांडा कॉरिडोरास थंड पाण्याचा, स्टर्बाय कॉरिडोरास उबेचा. चेरी कोळंबी २८ च्या पुढे त्रासते. गोल्डफिश तर उष्ण कटिबंधातला मासाच नाही. त्याला १८ ते २४ अंश हवेत आणि त्याला इथला मे महिना एंजलच्या कितीतरी पट जड जातो. वनस्पतींपैकी व्हॅलिस्नेरिया आणि अनुबियास तगतात, मॉस ३० च्या वर तपकिरी पडू लागते.

उष्णता येते कुठून

पेटी पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल किंवा घर स्लॅबखालच्या शेवटच्या मजल्यावर असेल, तर पाण्याचा उच्चांक दुपारी दोनला नव्हे, संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान येतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पंचवटीतल्या जाड भिंतींच्या जुन्या वाड्यांत ही अडचण फारशी नसते. सिडको, इंदिरानगर, नाशिकरोड भागातल्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर ती हमखास असते. सकाळी दहाच्या आत खिडक्या लावून पडदे ओढणे, सूर्यास्तानंतर त्या उघडणे आणि गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णतारोधक रंग देणे, याने खोलीच थंड राहते आणि पुढचे काम हलके होते.

पाण्यात बुडवलेल्या मोटरची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते. १५ वॅटचा पॉवर फिल्टर दिवसभरात ६० लिटर पाण्याला, उष्णता बाहेर गेलीच नाही असे धरले तर, ५ अंशांनी तापवण्याइतकी ऊर्जा देतो. प्रत्यक्षात बरीचशी निघून जाते, पण लहान पेटीत मोठा फिल्टर लावण्याची किंमत अशी मोजावी लागते. दिव्यांचेही तसेच: ते झाकणाच्या आत असतील तर १० तासांऐवजी ६ तास, तेही सकाळी किंवा रात्री लावावेत. हीटर मार्चमध्येच पेटीबाहेर काढून ठेवावा. नाशिकच्या हिवाळ्यात त्याची गरज पडते, म्हणून तो कायम लावलेला असतो आणि थर्मोस्टॅट चिकटून हीटर चालूच राहिला, तर उन्हाळ्यात एका रात्रीत पेटी संपते.

पंखा

मुख्य उपाय हाच. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते; १०० लिटरमधून एवढीच उष्णता काढली तर पाणी जवळपास ६ अंशांनी उतरेल. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटीत साधारण १०० लिटर पाणी असते. तिच्यावर पंखा चालवला की कोरड्या दिवसांत रोज दोन ते तीन लिटर पाणी उडते, म्हणजे पातळी साधारण एक सेंटिमीटरने घटते. अडीच लिटर धरले तर हे काम सतत ७० वॅट उष्णता उपसण्याइतके होते.

पंख्याने पाणी किती उतरू शकते, याची मर्यादा ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकावर दिसते. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ते तापमान सुमारे २२ अंश असते. हवा ३० अंश पण आर्द्रता ८० टक्के असेल तर सुमारे २७. पाणी त्या पातळीपर्यंत कधी पोहोचत नाही, पण वाव किती आहे ते यावरून कळते. व्यवहारात २ ते ४ अंशांची घट मिळते आणि बहुतेक पेट्यांना ती पुरते.

संगणकातला १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा आणि अडॅप्टर पुरे होतो. तीन फुटी पेटीला दोन पंखे लावावेत. २३० व्होल्टचा टेबलफॅन पाण्यावर टांगू नये. झोत सरळ खाली न देता पृष्ठभागावरून तिरका वाहू द्यावा, म्हणजे ओली हवा पलीकडून निघून जाते. झाकण बंद ठेवून आत पंखा फिरवल्यास काहीही साधत नाही, आतली हवा वाफेने भरून जाते. झाकणाऐवजी नायलॉनची मच्छरजाळी ताणून बसवावी, नाहीतर गप्पी आणि बार्ब उड्या मारून बाहेर पडतात. वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे थेंब सॉकेटमध्ये जात नाहीत.

पंखा रात्रभर चालू ठेवणे ही नाशिकमध्ये फार होणारी चूक. एप्रिलच्या रात्री हवा आपोआप गार होते. त्यात पंखा चालू राहिला की पाणी पहाटे २४ आणि संध्याकाळी ३० असे हिंदकळते आणि हे हेलकावे स्थिर ३० अंशांपेक्षा वाईट. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग अशा धक्क्यांनंतरच डोके वर काढतो. टायमर लावून पंखा सकाळी ११ ते रात्री १० चालवावा. त्याहून चांगले म्हणजे तापमान नियंत्रक: २७.५ ला सुरू, २६.५ ला बंद. त्याचा सेन्सर पाण्यात पक्का बसवावा. तो निसटून हवेत आला तर पंखा थांबणारच नाही.

उडालेल्या पाण्याची भरपाई

वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. रोज अडीच लिटर म्हणजे दोन महिन्यांत १५० लिटर, पेटीतल्या एकूण पाण्याहून जास्त. ही भरपाई बोअरच्या पाण्याने केली तर त्या १५० लिटरमधले सगळे क्षार पेटीत साचतात, काचेवर पांढरी रेघ उमटते, सामू चढतो आणि वर सांगितलेला अमोनियाचा धोका वाढतो. रोजची भर आरओच्या पाण्याने घालावी. दर आठवड्याचा २० टक्क्यांचा पाणीबदल वेगळा, तो नळाच्या पाण्याने करावा. गंगापूर धरणातून येणारे नळाचे पाणी बोअरच्या मानाने मऊ असते. त्यातला क्लोरीन काढायला १०० लिटरला एक ग्रॅम हायपो, म्हणजे अँटीक्लोरीनचे खडे, पुरेसे होतात.

गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते. ते थेट पेटीत घातल्याने मासे गमावल्याची उदाहरणे दर उन्हाळ्यात घडतात. पाणी पहाटे बादलीत भरून मोरीत सावलीला ठेवावे. माठ हा तर या कामासाठी तयार असलेला शीतक: माठात भरून ठेवलेले आरओचे पाणी खोलीच्या हवेपेक्षा बरेच गार असते आणि रोजच्या दोन लिटरची भर त्यातूनच घालता येते. माठ नवा नसावा, आधी आठवडाभर पाणी बदलत भिजवून घेतलेला असावा.

बर्फ, थर्मोकोल, कूलर, चिलर

बर्फाबद्दल गैरसमज फार. एक किलो बर्फ वितळून २८ अंशांपर्यंत येताना १०० लिटर पाणी जेमतेम १ अंशाने थंड करतो आणि दोन तासांत परिणाम संपतो. रोजचा उपाय म्हणून तो निरुपयोगी. आणीबाणीत मात्र एक लिटरची झाकण घट्ट लावलेली गोठवलेली बाटली तासाला एक याप्रमाणे तरंगत सोडता येते. बर्फाचे सुटे खडे टाकू नयेत. तापमान तासाला १ अंशापेक्षा जास्त वेगाने उतरवू नये.

थर्मोकोलचे पत्रे मागच्या व बाजूच्या काचांना लावणे पंख्याबरोबर उपयोगी पडते, कारण तेव्हा पाणी खोलीपेक्षा थंड असते आणि उष्णता बाहेरून आत येत असते. पंखा नसलेल्या, झाकण लावलेल्या पेटीला तेच थर्मोकोल मोटरची उष्णता कोंडून ठेवते.

खोलीत कूलर असेल तर उत्तम, फक्त एक खिडकी उघडी हवी. कूलरच्या पाण्यात घातलेले सुगंधी द्रव्य किंवा जंतुनाशक पेटीपर्यंत पोहोचू देऊ नये. डासांच्या कॉइल आणि लिक्विडमधली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके माशांना अतिशय घातक असतात आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. उन्हाळ्यात डास वाढले म्हणून पेटीच्या खोलीत ही साधने लावू नयेत, जाळी बसवावी.

कॉम्प्रेसरचा चिलर, म्हणजे पेटीतले पाणी थंड करणारे यंत्र, खात्रीचा, पण खर्चिक. तो काढलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो, म्हणून बंद कपाटात ठेवला की स्वतःच गुदमरतो. पेल्टियरचे (कॉम्प्रेसरविना, विजेच्या चकतीने थंड करणारे) छोटे चिलर वीज जास्त खातात आणि १०० लिटरच्या पेटीला पुरत नाहीत. समुद्री प्रवाळ किंवा हौसेची कोळंबी पाळणाऱ्यांनी चिलर घ्यावा. एंजल-गुरामीच्या पेटीला नाशिकमध्ये त्याची गरज नाही.

वीज गेल्यावर

मे महिन्यातल्या वळिवाबरोबर तारा तुटतात आणि वीज तासन्‌तास जाते. इन्व्हर्टरवर आधी एअर पंप, मग पंखा. दिवे आणि फिल्टर नंतर. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घरात असायलाच हवा. तोही नसेल तर दर दहा मिनिटांनी मग्याने पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओतत राहावे. खाद्य पूर्ण बंद. कॅनिस्टर फिल्टर (पेटीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) दोन-तीन तासांहून अधिक बंद राहिला तर आतले जीवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. वीज आल्यावर तो तसाच सुरू केल्यास सडके पाणी पेटीत येते. आधी आतले पाणी फेकून स्पंज पेटीच्याच पाण्यात पिळून घ्यावा.

पाणी ३३ अंशांच्या वर गेले आणि मासे वर तोंड काढू लागले, तर प्रथम हवा वाढवावी, थंड करणे त्यानंतर. एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावलेला बुडबुडे सोडणारा दगड) पूर्ण जोरात, दिवे बंद, झाकण दूर, पंखा सुरू, वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असल्यास तो बंद. मग पेटीपेक्षा दोन अंश गार, क्लोरीन काढलेले पाणी घालून १५ ते २० टक्के बदल करावा. अशा वेळी औषधे घालू नयेत, बरीच औषधे प्राणवायू आणखी कमी करतात. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर बुरशी समजून तापमान वाढवण्याची चूक करू नये. तो कॉलम्नॅरिस हा जीवाणूंचा रोग असू शकतो आणि उष्णतेत तो झपाट्याने पसरतो.

एरवी एप्रिल ते जूनपर्यंत खाद्य निम्मे, तेही सकाळी द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. नवे मासे या काळात आणू नयेत. पिशवीतल्या प्रवासातच ते तापलेले असतात. तापमान सकाळी ६ आणि संध्याकाळी ७ ला नोंदवावे. काचेवर चिकटवायच्या पट्टीचा तापमापक खोलीच्या हवेनेही बदलतो, त्यामुळे पाण्यात बुडणारा सेन्सर असलेला डिजिटल किंवा साधा काचेचा तापमापक वापरावा. दोन नोंदींतला फरक ३ अंशांच्या वर जाऊ लागला, तर पंख्याच्या वेळा बदलाव्यात.