धोका म्हटला की पोट्टे मैदानात?

दरवर्षी फिरणारा मेसेज, "शाळेत कुठलाही धोका आला की घंटा वाजवा अन् सगळ्या पोट्ट्यांना मैदानात काढा." वाटतं बरोबर, काहून का आपल्याला शाळेत तेवढंच शिकवलं होतं.

पण ते आगीसाठी आहे, किंवा भूकंपाचे हादरे थांबल्यावर. आपल्याकडे तुरीच्या वावरातून बिबट शाळेच्या आवारात आला, आग्या मोहोळ उठलं, नाहीतर विजा कडाडायला लागल्या, तर मैदान हीच सगळ्यात वाईट जागा. तेव्हा पोट्टे आत, दार-खिडक्या बंद, हजेरी घ्यायची, अन् बिबट असंल तर वनखात्याचा १९२६ हा फोन नंबर लावायचा. म्हणून घंटाही दोन तऱ्हेची पाहिजे, बाहेर पळायची वेगळी अन् आत थांबायची वेगळी.

पटत नसंल तर आपल्या गावच्या शाळेत जाऊन पहा. वर्गाचं दार आतून लावून पहा, कितीक ठिकाणी बाहेरची कडी मजबूत अन् आतली गंजून अडकलेली, किंवा नाहीच. मग गुरुजींना म्हणा एकदा सराव घ्या, घंटेपासून शेवटचं दार लागेपर्यंत मोबाईलवर टाइम लावा, आणि संडासाकडं गेलेलं पोरगं कोणत्या वर्गात घुसलं तेही विचारा. आमच्याकडं तिथंच गाडी अडली, दोन पोरी पाण्याच्या टाकीपाशीच उभ्या.