युराक

युराक : अलास्काच्या नैर्ऋत्येकडील युपिक या मूलनिवासी लोकांचे पारंपरिक नृत्य. युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांच्या मुखाकडील सखल प्रदेशातील खेड्यांत ते आजही नांदते आहे.

नर्तक पुरुष पुढे गुडघ्यांवर बसतात आणि स्त्रिया त्यांच्या मागे उभ्या राहतात. स्त्रियांची पावले जागची हलत नाहीत. डफाच्या ठेक्यावर गुडघे तेवढे लवतात आणि सील टिपण्याची किंवा बेरी वेचण्याची सारी कथा हात सांगतात. स्त्रियांच्या हातांतील गवती पंख्यांच्या कडेला रेनडिअरच्या मानेचे लांब केस लावलेले असतात. हात थांबला तरी हे केस क्षणभर झुलत राहतात, त्यामुळे हालचाल तुटल्यासारखी वाटत नाही. पुरुषांच्या पंख्यांत पिसे खोवतात. मुठीच्या लाकडी डफावर पूर्वी वॉलरसच्या जठराचे आवरण ताणीत, आता बहुधा नायलॉनचे कापड असते. गाणे संपत आले, की प्रेक्षक ‘पामयुआ’ असे ओरडून ते पुन्हा मागतात.

युराकला निव्वळ करमणूक म्हणणे अपुरे ठरेल, कारण त्याची मुळे कुटुंबात आहेत. अनेक गाणी घरातल्याच कोणाच्या अनुभवावर रचलेली असतात. नुकत्याच निवर्तलेल्या व्यक्तीचे नाव नवजात बालकाला देण्याची युपिक रीत आहे आणि त्या व्यक्तीचे आप्त बालकाला जुन्याच नात्याने हाक मारतात. म्हणून एखादी प्रौढ स्त्री चिमुरड्या मुलीला ‘आई’ म्हणते. असे मूल पहिल्यांदा सर्वांसमोर नाचते तेव्हा घरचे लोक गावाला भेटी वाटतात. त्या नाचात मुलाबरोबर त्याच्या नावाच्या पूर्वजाचाही मान होतो.

पूर्वी हे नृत्य हिवाळ्यात कझगिक या सामुदायिक घरात, काही प्रसंगी मुखवटे घालून होई. 1885 मध्ये याच प्रदेशातील बेथेल येथे मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे मिशन स्थापन झाले. मिशनऱ्यांनी नृत्य आणि मुखवटे मूर्तिपूजेत जमा केले, आणि कित्येक गावांत परंपरा खंडित झाली. ही हानी मोठी होती, कारण नाचाबरोबर त्या त्या घराच्या आठवणीही मागे पडल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परंपरेचे पुनरुज्जीवन झाले, ते प्रामुख्याने गाणी आठवत असलेल्या वृद्धांमुळे. बेथेलला वसंतात ‘चामाइ’ हा नृत्योत्सव भरतो. चामाइ हा युपिक भाषेतील स्वागताचा शब्द आहे. तिथे मुलेही मोठ्यांच्या रांगेत उभी राहतात आणि शेजारच्या आजीचे हात पाहत पाहत नाच शिकतात.