विमानप्रवासातील औषधे व वैद्यकीय उपकरणे

रुग्णाने स्वतःच्या वापरासाठी विमानात सोबत नेलेली औषधे, ऑक्सिजनची साधने, इन्सुलिन पंप, श्वसनसाहाय्य यंत्रे इ. साहित्य व त्यासंबंधीचे नियम यांचा विचार या नोंदीत केला आहे. विमान कंपनीची आपत्कालीन औषधपेटी आणि हवाई रुग्णवाहिका हे विषय येथे घेतलेले नाहीत.

या नियमांचे उगम तीन : उंचीवरचा कमी दाब, आगीचा धोका आणि सुरक्षा-तपासणी व अमली पदार्थांचे कायदे. तिन्ही यंत्रणा वेगवेगळ्या काळात व बव्हंशी स्वतंत्रपणे वाढल्या. त्यामुळे एकच वस्तू एका नियमाने मुक्त तर दुसऱ्याने अडलेली, असे वारंवार घडते.

कक्षदाब : जेट विमान ३५ ते ४० हजार फुटांवर उडत असले, तरी प्रवासी कक्षातील दाब ८,००० फूट (सु. २,४४० मी.) उंचीवरील दाबाहून कमी होऊ न देणे हे वाहतूक विमानांच्या रचनेचे बंधन आहे. ही मर्यादा कशी ठरली याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार ती शरीरक्रियेवरून आली. या उंचीपर्यंत निरोगी माणसाच्या रोहिणीतील (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीतील) ऑक्सिजनचा आंशिक दाब साधारणतः ६० मिमी. पाऱ्याच्या वर राहतो. त्याखाली मात्र हीमोग्लोबिनची ऑक्सिजन-संपृक्ती (ऑक्सिजन वाहणाऱ्या हीमोग्लोबिनची टक्केवारी) झपाट्याने घसरू लागते. दुसऱ्या मतानुसार ती विमानाच्या सांगाड्याची तडजोड आहे. कक्षातील दाब जितका जास्त, तितका धातूच्या कवचावर ताण अधिक व वजनही अधिक. दाबनियंत्रित कक्ष असलेले पहिले प्रवासी विमान बोईंग ३०७ (पहिले उड्डाण ३१ डिसेंबर १९३८, प्रवासी सेवेत १९४०) सु. १४,७०० फुटांवर उडत असताना कक्षात ८,००० फुटांइतका दाब राखू शके. आकड्याची ही जुनी परंपरा पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शरीरक्रियेने त्या तडजोडीची खालची हद्द आखून दिली, इतकेच. संमिश्र साहित्याने बांधलेल्या बोईंग ७८७ व एअरबस ए३५० या विमानांत हीच पातळी सु. ६,००० फुटांवर आणता आली, ही बाबही याच मताला पोषक आहे. बोईंगच्या साहाय्याने झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५०२ स्वयंसेवकांना दाबकक्षात ठेवले असता ८,००० फुटांच्या पातळीवर संपृक्ती सरासरी ४.४ टक्के-अंकांनी घटली. ७ ते ८ हजार फुटांवर अस्वस्थता वाढली, पण ती तीन तासांनंतर.

समुद्रसपाटीचा ७६० मिमी. दाब ८,००० फुटांवर सु. ५६५ मिमी. होतो. बॉइलच्या नियमानुसार बंदिस्त वायूचे आकारमान एकतृतीयांशाहून किंचित अधिक वाढते. म्हणून श्वासनलिकेतील नळीच्या फुग्यात हवेऐवजी सलाइन भरतात आणि ताजे प्लास्टर असल्यास ते उभे चिरून घेतात. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली (वातवक्ष) असेल, तर उड्डाण निषिद्ध मानतात. १९९५ साली हाँगकाँग–लंडन उड्डाणात अशीच स्थिती ओळखून अँगस वॉलेस या ब्रिटिश अस्थिशल्यविशारदांनी कोट टांगण्याच्या तारेचा आधार देऊन मूत्रनलिका छातीत बसवली व ब्रँडीने साधने निर्जंतुक केली. रुग्ण वाचली.

इन्सुलिन पंप : या विषयात सर्वाधिक तांत्रिक चर्चा याच उपकरणाची झाली आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार विमान वर चढताना पंपातून ठरलेल्या मात्रेपेक्षा सु. १ ते १.४ युनिट जादा इन्सुलिन बाहेर पडते आणि उतरताना सु. ०.७ युनिट कमी. प्रौढाला हा फरक जाणवणार नाही. इन्सुलिनला संवेदनशील असलेल्या लहान मुलाची साखर मात्र एवढ्याने उतरू शकते.

कारण बुडबुड्यांचे, यावर एकमत आहे. ते बुडबुडे आधीपासूनचे की नव्याने झालेले, हा प्रश्न उरतो. नेहमीच्या इन्सुलिनचे १ युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर. केवळ जुन्या बुडबुड्याच्या प्रसरणाने एवढा द्रव ढकलला जायचा, तर जमिनीवर तो बुडबुडा सु. ३० मायक्रोलिटरचा, म्हणजे जवळजवळ ४ मिमी. व्यासाचा हवा. पंप भरताना असा बुडबुडा नजरेतून सुटणे अवघड. याउलट २५° से. तापमानाला पाण्यात आकारमानाच्या सु. १.८ टक्के हवा विरघळलेली असते. पंपात इन्सुलिन भरण्याच्या ३ मिलि. नळीत ती सु. ५४ मायक्रोलिटर भरते. दाब पाव हिश्शाने उतरला की हेन्रीच्या नियमाप्रमाणे तिचाही सु. पाव भाग द्रवातून सुटू शकतो. कमी दाबाखाली तो जास्तीत जास्त १८ मायक्रोलिटर जागा व्यापेल. प्रत्यक्ष मोजलेला जादा डोस या मर्यादेच्या आत बसतो. त्यामुळे विरघळलेल्या हवेचा वाटा मोठा असावा, असे मानण्यास जागा आहे. फ्रिजमधून काढून लगेच भरलेल्या इन्सुलिनमध्ये बुडबुडे अधिक दिसतात, याचीही संगती यामुळे लागते, कारण थंड द्रवात हवा जास्त विरघळते. नळीत १.५ मिलि. इतकेच इन्सुलिन ठेवावे, उड्डाणापूर्वी पंप शरीरापासून वेगळा करावा आणि विमान स्थिर उंचीवर आल्यावर बुडबुडे काढून तो पुन्हा जोडावा, ही त्या संशोधकांची शिफारस होती. ती सर्व उत्पादकांनी जशीच्या तशी स्वीकारलेली नाही.

सामान-कक्षात इन्सुलिन गोठते, असे सरसकट सांगितले जाते. आधुनिक प्रवासी जेटमध्ये हा भागही दाबनियंत्रित असून तेथील तापमान सहसा शून्याच्या वर राहते. गोठलेले इन्सुलिन निकामी होते हे खरे; परंतु ते हातातल्या बॅगेत ठेवण्याचे अधिक भक्कम कारण सामान हरवण्याची शक्यता हे होय.

ऑक्सिजन : जमिनीवर ज्यांची संपृक्ती ९२ टक्क्यांहून कमी, त्यांना विमानात ऑक्सिजन द्यावा आणि ९५ टक्क्यांहून अधिक असल्यास गरज नाही, हा ब्रिटिश थोरॅसिक सोसायटी या श्वसनविकारविषयक संस्थेचा २००२ मधील ठोकताळा अजूनही उद्‌धृत होतो. २०११ मध्ये त्याच संस्थेने विश्रांतीतील संपृक्तीवरून अंदाज बांधणे भरवशाचे नसल्याचे मान्य केले. संशयित रुग्णास १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा सु. २० मिनिटे देऊन चाचणी घेतात. तीत संपृक्ती ८५ टक्क्यांखाली गेल्यास विमानात ऑक्सिजनची शिफारस होते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) नियमांनुसार कंपनीच्या संमतीने ५ किग्रॅ.पर्यंत वजनाचे वैद्यकीय सिलिंडर नेता येते. द्रवरूप ऑक्सिजनला पूर्ण बंदी आहे. अमेरिकेत प्रवाशाचे स्वतःचे सिलिंडरही चालत नाही. ही कोंडी सुवाह्य ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरने फोडली. त्यातील झिओलाइट हे सच्छिद्र खनिज दाबाखाली हवेतील नायट्रोजन धरून ठेवते व ऑक्सिजन पुढे जाऊ देते. साठवलेला वायू नसल्याने स्फोटाचा प्रश्न राहत नाही. अमेरिकेने २००५ मध्ये ठराविक दोन यंत्रांना परवानगी दिली आणि २०१६ मध्ये यंत्रागणिक मंजुरीऐवजी निकष पाळल्याची खूण पुरेशी ठरवली. उड्डाणकाळाच्या दीडपट पुरतील इतक्या बॅटऱ्या जवळ असाव्यात, हा दंडक बहुतेक कंपन्या लावतात. श्वासागणिक मात्रा देणारी लहान यंत्रे आणि अखंड प्रवाह देणारी मोठी यंत्रे यांत मात्र फरक आहे. झोपेत तोंडाने उथळ श्वास घेणाऱ्या रुग्णाचा श्वास पहिल्या प्रकारच्या यंत्राला टिपता येईलच असे नाही.

बॅटऱ्या : लिथियम-आयन बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंत मुक्त, १०० ते १६० पर्यंत कंपनीच्या संमतीने आणि सुट्या असल्यास दोनच, अशी मर्यादा आहे. त्यापलीकडे मोटरवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीसाठी वेगळी तरतूद आहे. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच ठेवाव्या लागतात. पेट घेतलेली बॅटरी तिथे दिसते व पाण्याने थंड करता येते; सामान-कक्षातील हॅलॉन हा अग्निशामक वायू ज्वाला विझवतो, पण बॅटरीच्या आत भडकत जाणारी उष्णता थांबवू शकत नाही. निद्राश्वसनरोधासाठीच्या सीपॅप यंत्राला अमेरिकी नियमांनुसार हातसामानाच्या संख्येत धरत नाहीत. पाऱ्याचा एक तापमापक संरक्षक नळीत घालून फक्त नोंदवलेल्या सामानात चालतो, कारण सांडलेला पारा विमानाचे ॲल्युमिनियम खातो.

द्रव औषधे : शीतपेयांच्या बाटल्यांत दडवलेल्या द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा लंडनमधील कट १० ऑगस्ट २००६ रोजी उघड झाला. सुरुवातीच्या जवळजवळ पूर्ण बंदीनंतर १०० मिलि.ची मर्यादा आली व आयकाओने ती १ मार्च २००७ पर्यंत लागू करण्याची शिफारस केली. प्रवासात लागणारी औषधे व बाळाचा आहार यांतून वगळलेले आहेत. मात्र ते तपासणीच्या वेळी वेगळे दाखवावे लागतात. भारतात नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरोचे आणि मोठ्या विमानतळांवर तपासणी सीआयएसएफची असते. प्रवासयोग्यतेसाठी कंपन्या ‘मेडिफ’ नावाचा डॉक्टरांनी भरावयाचा अर्ज मागतात.

नियंत्रित औषधे : १९७१ च्या मनःप्रभावी पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रवाशाला स्वतःपुरती अल्प मात्रा नेऊ देण्याची मुभा देशांना दिली, बंधन घातले नाही. शेंगेन देशांत ३० दिवसांपुरते प्रमाणपत्र चालते. जपानमध्ये ॲम्फेटामीन डॉक्टरांच्या चिठ्ठीनेही नेता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन व ट्रामाडॉल यांना पूर्वपरवानगी लागते. तेथे नोकरीस असलेल्या मराठी कुटुंबांना गावाकडून पाठवल्या जाणाऱ्या खोकल्याच्या औषधांच्या बाबतीत ही गोष्ट महत्त्वाची ठरते. भारतात ट्रामाडॉल २०१८ मध्ये १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले. आयुर्वेदीय रसौषधींतील पारा व शिसे यांमुळे काही देशांत ती अडवली जातात.